थोरली राहिली, मधली गेली

२०२२ च्या दसऱ्याला आमच्या वहीत २३ नावं होती आणि प्रत्येक नावापुढं बरोबरची खूण. म्हणजे ही २३ पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जाणार नव्हती, गावातच राहून शाळा करणार होती, जेवणखाण आमच्या हंगामी वसतिगृहात आणि रात्री झोपायला आजीकडं नाहीतर शाळेच्याच खोलीत. बीड जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव, दसरा झाला की चारपैकी तीन घरांना कुलूप लागतं, दारात फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री दिसतात. अशा गावात २३ पोरं थांबवली म्हणजे आपण मोठं काम केलं असं आम्हाला वाटत होतं. डोनरला पाठवलेल्या रिपोर्टमध्ये मीच लिहिलं होतं की २३ मुलं बालमजुरीपासून वाचली. ते वाक्य आज मला लिहिता येणार नाही, आणि का नाही ते सांगायलाच हे एका घराचं प्रकरण सविस्तर लिहितेय. नावं अर्थातच देत नाही. घरात तीन लेकरं, त्यांना घरात ज्या नावांनी हाक मारतात तीच इथं वापरते. थोरली ११ वर्षांची, सहावीत. मधली ८ वर्षांची, तिसरीत. आणि धाकटा, तेव्हा नऊ महिन्यांचा.

ज्यांना ऊसतोडीचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, कोयत्यामागं उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त, आणि ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची. टनावर दर आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली, टनाला ३६६ रुपयांच्या आसपास झाला, पण आमची गोष्ट सुरू होते तेव्हा तो पावणेतीनशेच्या घरात होता. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला उचलही अर्धीच, आणि माझ्या मते बीडमध्ये पोरीपोरांची लग्नं इतक्या कमी वयात का उरकतात याचं एक मोठं कारण ह्या अर्ध्या कोयत्यात आहे, पण तो विषय वेगळा, त्यावर परत कधीतरी. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंडही लागतो, पाचशे हजार काय ठरला असेल तो. बाईला ताप आला तरी खाडा, पाळी आली तरी खाडा, लेकरू आजारी पडलं तरी खाडा. हंगाम संपला, म्हणजे कारखान्याचा पट्टा पडला, तेव्हा उचल फिटलेली नसली तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं.

आता यात लेकरू कुठं येतं? सहा सात वर्षांची पोरं काही ऊस तोडत नाहीत, कोयता चालवायची ताकद त्यांच्या हातात नसते. म्हणून कुणालाही विचारा, बाप म्हणेल पोरगी कुठं काम करते, ती तर नुसती सोबत आलीय. मुकादम म्हणेल माझ्याकडं एकही बालकामगार नाही. कागदावर दोघंही खरंच बोलतात. पण आई पहाटे चारला फडावर गेली की कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, मागं कोण राहतं, पाणी कोण भरतं, तान्हं कोण सांभाळतं, भांडी कोण घासतं, संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या कोण बांधतं (वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, तो जनावरांना चारा म्हणून विकला जातो आणि आठवड्याचा बाजार त्यावर होतो), हे सगळं त्या "नुसत्या सोबत" आलेल्या पोरीच्या अंगावर असतं. ती हे करते म्हणून आईचे दोन्ही हात ऊस तोडायला मोकळे राहतात. त्या पोरीला काढून घेतलं तर कोयता अर्धा पडतो. हे वाक्य मी आज लिहितेय, २०२२ मध्ये मला हे समजलेलं नव्हतं.

थोरलीला गावात ठेवताना आम्ही काय काय केलं ते सांगते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरोघर फिरलो. तिच्या बापाला समजावलं की पोरगी हुशार आहे, गणितात वर्गात पुढं आहे, सहा महिने गेली तर परत आल्यावर तिचं मन शाळेत लागणार नाही. आजीला समजावलं की दोन वेळचं जेवण आम्ही देतो, तू फक्त रात्री जवळ झोपव. आई काही बोलली नाही, ती धाकट्याला पाजत बसली होती, मधेच एकदा तिनं मान वर करून मधलीकडं बघितलं. ते बघणं मला नंतर फार आठवलं. तेव्हा मला वाटलं आई कबूल आहे. टोळीचा ट्रक रात्री नऊला भरला, त्यात भांडी, पीठ, सरपण, एक शेळी, कोंबड्यांची टोपली, आणि वर माणसं. थोरली आजीचा पदर धरून रडत उभी होती, आम्ही तिच्याभोवती होतो, तिचे फोटो काढत होतो. मधली ट्रकमध्ये होती. आठ वर्षांची पोरगी, तिचं नाव आमच्या यादीत नव्हतं कारण आमची सोय पाचवीपासून पुढच्या पोरींची होती, लहान पोरं आईशिवाय राहत नाहीत असं आम्हीच ठरवलं होतं.

वसतिगृह नीट चाललं. थोरलीची एक दिवसही गैरहजेरी नाही. तिनं डिसेंबरात आईला चिठ्ठी लिहिली, पुढच्या महिन्यात आम्ही सांगली जिल्ह्यात तळांवर, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या राहतात तिथं, जाणार होतो, तेव्हा गावातल्या पोरांच्या चिठ्ठ्या घेऊन गेलो. तिच्या चिठ्ठीत धाकट्यासाठी ट्रॅक्टरचं चित्र होतं, लाल रंगानं.

तळावर पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. ऊस काढून मोकळ्या झालेल्या रानात बांबू आणि चट्यांच्या वीस पंचवीस कोप्या, ओळीनं. मोठं माणूस एक नाही. एका कोपीपुढं मधली बसलेली होती, डाव्या कमरेवर धाकटा, उजव्या हातानं राखेनं पातेलं घासत होती. आठ वर्षांच्या पोरीची कंबर एवढीशी, आणि वर्षाचं गुटगुटीत लेकरू, ते सारखं खाली घसरत होतं आणि ती न बघता गुडघा वर करून त्याला परत सरकवत होती. पातेलं घासायचं थांबत नव्हतं. ही हालचाल तिला इतकी सवयीची झाली होती की आमच्याशी बोलतानाही ती चालूच राहिली. मनगटाजवळ भाजल्याचा डाग होता, विचारलं तर म्हणाली, "चुलीवर दूध ऊतू गेलं तवा." मी म्हटलं दिवसभर काय करतेस, तर तिनं सगळं ओळीनं सांगितलं, कौतुक नाही की तक्रार नाही. पहाटं आई उठवती. पीठ मळून देती, भाकरी आई थापती. आई गेल्यावर झोपती पण झोप लागत न्हाई, हा रडतो. मंग मोटरीवरनं पानी आनती, सहा खेपा. दहाला ह्याला घिऊन फडावर जाती, आई पाजती. परत येती. भांडी. हा झोपला की कपडे. चारला परत फडावर, तवा वाढे बांधू लागती.

फड तळापासून दीड किलोमीटरवर होता, रोज बदलायचा, कधी जवळ कधी लांब. म्हणजे ही पोरगी रोज पाच सहा किलोमीटर चालत होती, वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन. मी विचारलं आई त्याला फडावर का नेत नाही, तर उत्तर आईनंच संध्याकाळी दिलं. पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांत, झोपवलेलं लेकरू दिसत नाही, ट्रॅक्टर मागं घेताना चाकाखाली येतं, साप निघतो, कोयता चालू असताना रांगत मधे येतं. "तिथं न्यून मारू का त्याला?" ती म्हणाली. मग चिठ्ठी दिली, तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवली, ट्रॅक्टरचं चित्र बघून ती हसली आणि मग बराच वेळ गप्प बसली. नंतर जे बोलली ते मी त्याच रात्री वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. "थोरलीला तुमी ठेवलं, लई बरं केलं ताई. पन ह्याला कुनी बघायचं ते तुमी सांगितलंच न्हाई."

मागच्या वर्षीपर्यंत हे काम थोरली करत होती. आधी मधलीला तिनं वाढवलं, मग हा. आम्ही थोरलीला उचलून शाळेत बसवलं आणि तिचं काम तसंच जागेवर राहिलं, ते घरात पुढं जी होती तिच्या अंगावर पडलं. थोरली निदान ११ वर्षांची होती. आमच्यामुळं ते काम आठ वर्षांच्या पोरीकडं गेलं. परतल्यावर आम्ही २३ ही घरं नव्यानं तपासली, आणखी चार घरांत हेच झालेलं होतं. एका घरात तर सात वर्षांचा मुलगा होता.

तळावर गेलो त्या रात्री आमच्यात बरीच वादावादी झाली. एक नवा सहकारी, तळमळीचा मुलगा, तो म्हणाला सरळ १०९८ ला फोन करू, हे उघड बालशोषण आहे. १०९८ बद्दल मला आदरच आहे, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मुलांसाठीची हेल्पलाइन नसती तर ढाब्यावर, भट्टीवर, जरीच्या कारखान्यात कोंडलेली कितीतरी पोरं कधी सुटलीच नसती, जिथं मालक आहे आणि मूल त्याच्या ताब्यात आहे तिथं फोनच करायला पाहिजे, एक मिनिट न थांबता. पण इथं आपण कुणापासून सोडवणार? बालकल्याण समितीपुढं उभं कुणाला करणार, आईला? पोरगी बालगृहात जाईल, तान्हं परत फडावर पाचटात जाईल, उचल तशीच राहील. कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवायला बंदी आणली, ते चांगलंच झालं, पण त्यातच शाळेच्या वेळेनंतर घरच्यांना मदत करायची सूट ठेवली. ह्या पोरीला शाळेच्या वेळेनंतर अशी वेळच नाही कारण तळावर शाळाच नाही, आणि भाऊ सांभाळण्याला कुणी धंदा म्हणत नाही. दुसऱ्या बाजूला शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा, मूल स्थलांतर करून जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला घ्यायचं. म्हणजे मधलीला त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसायचा पूर्ण हक्क होता. फक्त कडेवरच्या भावाचं काय करायचं ते कुठल्याच कायद्यात नव्हतं.

इथं जुन्या साखरशाळांची आठवण काढायलाच पाहिजे. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेनं आणि इतर काही जणांनी कारखान्यांच्या तळांवर शाळा चालवल्या, पोरं जिथं आहेत तिथं मास्तर गेला. शिक्षण हक्क कायदा आला आणि अशा अनौपचारिक शाळांऐवजी मुलांनी नियमित शाळेतच जावं असं धोरण झालं, साखरशाळा बहुतेक बंद पडत गेल्या. धोरणामागचा विचार चुकीचा नव्हता, ऊसतोड्याच्या पोरानं कायम कमी दर्जाच्या शाळेत का शिकावं? पण साखरशाळेत एक गोष्ट होत होती जी नियमित शाळेत होत नाही, असं तेव्हा शिकवलेल्या एका मास्तरांनी मला सांगितलं: पोरी भावंडं घेऊन यायच्या, मास्तर ती कोपऱ्यात गोधडीवर झोपवायचे आणि वर्ग चालू. ती गोधडी बंद झाली.

आम्ही मधलीला दुसऱ्याच दिवशी तिथल्या शाळेत घेऊन गेलो. शाळा दोन अडीच किलोमीटरवर. बाई चांगल्या होत्या, शिक्षण हमी कार्ड कुठंय म्हणाल्या. हे कार्ड मूळ शाळेनं मूल निघतानाच द्यायचं असतं, म्हणजे दुसऱ्या गावात नाव घालायला अडचण येत नाही, आणि आम्ही ऑक्टोबरात यादीबाहेरच्या एकाही पोराचं ते काढलं नव्हतं, ही चूक पूर्ण आमची. बाईंनी तरी बसवून घेतलं, पोषण आहारात जेवूही घातलं. पहिल्या दिवशी मधली धाकट्याला घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही आली. तो रडायला लागला की ती त्याला घेऊन व्हरांड्यात जायची आणि खिडकीतनं फळ्याकडं बघायची. तिसऱ्या दिवशी नाही आली. बाईंचा फोन आला, त्या म्हणाल्या, मी तिला येऊ नको म्हटलेलं नाही हो, पण एका वर्गात तीन तान्ही झाली तर मी शिकवू कसं? खरं होतं. अंगणवाडीत विचारलं, तिथं तीन वर्षांपुढची मुलं चार तास बसतात, त्याखालच्यांना घरी न्यायला आहाराची पाकिटं मिळतात, तान्ह्याला सांभाळायची सोय नाही.

मग पाळणाघर. हे आमच्या डोक्यातनं आलेलं नाही. दिल्लीत १९६९ मध्ये मोबाइल क्रेशेस नावाची संस्था बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या लेकरांसाठी पाळणाघरं घेऊन उभी राहिली होती, पुण्यातही तसं काम आहे, आणि बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर लागायचंच. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातही तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर होतं. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीवर नसते. ती मुकादमाची, मुकादम वाहतूक ठेकेदाराचा, आणि कारखाना म्हणतो आमचा संबंध फक्त उसाशी. साखर तिच्या हातानं सुरू होते आणि कुठल्याच मस्टरवर तिचं नाव नाही, मग तिच्या लेकराच्या पाळण्याची जबाबदारी कुणाची? याचा मला त्या दिवसांत फार राग यायचा, अजून येतो.

टोळीत एक आजी होती. गुडघे गेलेले, कोयता होत नव्हता, पण गावात एकटी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून पोरानं सोबत आणलेली. तिला विचारलं तर ती आधी हसली, म्हणाली लेकरं संभाळायचे पैसे देता व्हय? पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या काही जणांनी मिळून महिन्याचे पैसे काढले. एक रिकामी कोपी, तिच्या आत बाहेर जुन्या लुगड्यांच्या सात झोळ्या, तीन आत बांबूला आणि चार बाहेर बाभळीला. एक पिंप झाकणाचं, उकळलेलं पाणी त्यातलंच. साबण. मुरमुरे, केळी, खिचडी. एवढंच. ही सात लेकरं म्हणजे पाच पोरी आणि एक पोरगा मोकळे झाले, कारण एका पोरीकडं दोन होती.

पहिल्याच आठवड्यात दोन लेकरांना जुलाब लागले. संध्याकाळी बाया आल्या आणि आजीवर तुटून पडल्या, हिच्या हातची खिचडी बाधली म्हणून. आजी रडायला लागली, मी न्हाई उद्या बसत म्हणाली. आम्ही पाणी कुठनं येतं ते शोधलं, मोटरीचा पाइप एका जागी फुटलेला, तिथं जनावरं बसायची. पाइप बदलला, आरोग्य उपकेंद्रातून ओआरएसची पाकिटं आणली, आजीच्या शेजारी बसून तीन दिवस खिचडी मीच शिजवली आणि सगळ्यांपुढं आधी मीच खाल्ली. त्यानंतर बाया परत लेकरं ठेवायला लागल्या, मधलीची आई सगळ्यात शेवटी.

मुकादम पहिल्यापासून नाराज होता. तुमच्यामुळं बाया दुपारी तळावर पळतात, गाडी भरायला उशीर होतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्याशी हक्क, कायदा वगैरे बोलून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो खाड्यांच्या वहीचा. लेकरू आजारी म्हणून बायांचे किती खाडे पडतात ते त्याच्याच वहीतनं मोजलं, पाळणाघराआधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस, जुलाबाचे दोन दिवस धरूनही ते निम्म्याहून खाली आले होते. त्यानं आकडा बघितला, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी कोपीवर टाकायला एक नवी ताडपत्री पाठवली. मला मान्य आहे की लेकरांसाठी म्हणून काही त्यानं केलं नाही, गाडी भरावी म्हणून केलं. पण ताडपत्री होती.

मधली शाळेत गेली, फेब्रुवारी आणि मार्च, पट्टा पडेपर्यंत. दीड दोन महिन्यांत काय शिकणार? पण एक सांगते, बाईंनी तिच्याबद्दल मला फोनवर सांगितलेली गोष्ट. पहिले आठ दिवस ती बाकावर डावा खांदा खाली करून वाकडी बसायची, कडेवर कुणी असल्यासारखी. बाई सारख्या तिला सरळ बस म्हणायच्या. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी म्हणायचं सोडलं. दोन आठवड्यांनी ती आपोआप सरळ बसायला लागली.

पुढच्या वर्षी आम्ही कामाची वेळच बदलली. आधी ऑक्टोबरात घरं फिरायचो, आणि तोपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. उचल पावसाळ्यात घेतली जाते, जुलै ऑगस्टात, बी बियाणं, दवाखाना, लग्न, आधीचं देणं यासाठी, आणि उचल घेतानाच त्या घरात मनातल्या मनात ठरतं की यंदा कोण कोण जाणार आणि कोण काय करणार. दसऱ्याला आपण समजवायला जातो तेव्हा ती बाई पैसे खर्चून बसलेली असते. म्हणून २०२३ मध्ये ऑगस्टातच गेलो आणि थोरलीला ठेवा, मधलीला ठेवा असं काही न म्हणता आधी नुसतं विचारत गेलो. तान्हं कोण आहे. पाणी कोण भरतं. सकाळी आई गेल्यावर कोपीत कोण असतं. प्रत्येक कामापुढं माणसाचं नाव. ज्या कामापुढं लेकराचं नाव आलं ते काम दुसऱ्या कुणाकडं जाईल हे ठरल्याशिवाय त्या घरात शाळेचा विषय काढायचा नाही. सोपं वाटतं, पण एका घराला तीन तीन फेऱ्या लागल्या. बापांना पहिल्यांदा कळलं की पोरगी किती काम करते, काहींना ते आवडलं नाही.

थोरली आणि मधली दोघीही त्या हंगामात गावात राहिल्या. धाकट्यासाठी तळावर पाळणाघर ठरलं, आजी तयार होती. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात टोळी फुटली. बापाचं मुकादमाशी मागच्या बाकीवरनं वाजलं, दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन त्याची आधीची फेडली आणि तो कर्नाटकात, बेळगावकडच्या एका कारखान्यावर गेला. आजी जुन्या टोळीत, पाळणाघर जुन्या टोळीत. नव्या टोळीत आमचं कुणी ओळखीचं नाही, जवळची शाळा कन्नड. आम्ही फोनवर फोन केले, आई म्हणायची बरं चाललंय ताई, धाकटा बरा हाय, काळजी करू नका. फेब्रुवारीत मी एकटीच गेले बघायला. धाकटा आता दोन वर्षांचा, पळत होता तळभर. त्याच्या मागं एक नऊ दहा वर्षांची पोरगी पळत होती. मला वाटलं शेजारच्या कोपीतली. आईला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, बहिणीची हाय, सोबतीला आनली. दुसऱ्या तालुक्यातल्या गावची पोरगी, चौथीतून काढलेली. आमच्या यादीत ती नव्हती, आमच्या गावची पण नव्हती, त्यामुळं आमच्या रिपोर्टात ह्या घरापुढं दोन खुणा होत्या, थोरली आणि मधली, दोन्ही बरोबर.

त्या मुलीच्या मूळ शाळेला कळवलं, तिथल्या सरांनी पट्टा पडल्यावर ती परतल्यावर नाव चालू ठेवलं, परीक्षेला बसवलं. एवढंच जमलं. रिपोर्टचा तक्ता मात्र मी बदलला. आता मुलामागं एक ओळ नसते, घरामागं एक पान असतं, आणि त्या पानावर घरात आणि कोपीत जे जे लेकरू आहे ते सगळं येतं, भाची, पुतणी, कुणाचीही असो. डोनरला हे आवडायला वेळ लागला कारण वाचलेल्या मुलांचा आकडा एकदम खाली आला. मी त्यांना मधलीच्या वाकड्या बसण्याची गोष्ट सांगितली, आणि बहिणीच्या मुलीचीही. त्यांनी ऐकून घेतलं, पैसे बंद नाही केले, त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

सरकारी बाजूनं काही हलतंय. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलं, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली. बीडमध्येच आर्वीला शांतिवनसारखी संस्था गेली वीसहून जास्त वर्षं अशा मुलांना घर आणि शाळा देतेय, त्यांच्याकडं बघून आम्ही कितीतरी शिकलो. वसतिगृहं पाहिजेतच, जितकी होतील तितकी. पण त्या १० रुपयांतला काही भाग तळावरच्या तान्ह्यांसाठी बाजूला काढा, प्रत्येक तळावर एक कोपी, दोन बाया, चार झोळ्या, हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलत राहते. मोठ्या पोरीला शाळेत ठेवायचं असेल तर लहानग्याला झोळी पाहिजे. माझं सगळं मागणं एवढ्यावर येतं.

थोरली आता आठवीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, तिच्या घरच्या आजीनंच परतवलं, आम्हाला नंतर कळलं. मधली पाचवीत आहे पण वाचन तिसरीच्या मुलाएवढं, अडखळत वाचते, तिच्यासाठी संध्याकाळी वेगळा तास घेतो. डावा खांदा अजून थोडा खाली असतो, मलाच तसा दिसतो की खरंच आहे ते मला ठरवता येत नाही.

यंदा, २०२४ च्या ऑगस्टात, आम्ही घरं फिरायला निघायच्या आधीच एका सकाळी त्यांची आई आमच्या खोलीवर आली. धाकटा बोटाला धरलेला. पाणी दिलं, बसली. म्हणाली, मुकादम येऊन गेला, उचल अजून घेतली न्हाई. मी वही काढली तर तिनं हातानं थांबवलं. "आदी हे सांगा ताई, यंदा फडावर संभाळायला कोन हाय? आजी येती का? ती येत आसन त्या टोळीतच मी नाव घालते. मंग ह्या दोघी हितं राहतेन, आन बहिणीची बी तिच्या घरी राहीन."

आजीचे गुडघे आता फार दुखतात. मी त्याच दुपारी तिच्याकडं गेले. सुनेला विचारून सांगते म्हणाली.